मामांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि शंभरचा बल्ब

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताची दोन बोटं सोल्डरिंग करताना भाजली आहेत, त्यामुळे ती जरा वाकडी जोडली गेली, पण भाव सरळ आहे.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा कान? डावा पूर्ण गेला आणि उजवाही आता मर्जी असेल तेव्हाच काम करतो, असं मामी म्हणाल्या. परवा फोनवर तुम्ही चार वेळा 'कोण बोलतंय?' विचारलंत आणि शेवटी 'आम्हाला विमा नको' म्हणून फोन ठेवलात, म्हणून हे पत्र.

आधी महत्त्वाचं. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर सुखरूप आहे, म्हणजे त्याचे सगळे भाग आमच्याच घरात आहेत. 'झाकण उघडायचं नाही, नुसता सांभाळ,' असं बजावून तुम्ही तो माझ्याकडे ठेवलात तेव्हाच तो मुका झाला होता. मी दोन वर्षं शब्द पाळला. पण मग तुमच्या कानाचं कळलं. उजवा कान चालू आहे तोवर तुम्ही तो एकदा ऐकायलाच हवा, एवढं एकच डोक्यात घेऊन मी झाकण उघडलं. (आत एक मेलेलं झुरळ आणि तुमच्या अक्षरात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी निघाली. दोन्ही जपून ठेवली आहेत.)

जेवणाचं टेबल त्याने अडवलं, त्याला आता चार महिने झाले. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. फुगलेले जुने कपॅसिटर काढून नवे बसवले. लहानपणी मी एक उलटा लावला होता आणि तो फुटून तुमच्या भुवया गेल्या होत्या, ते आठवून प्रत्येकाची दिशा नऊ-नऊ वेळा तपासली. मग तुम्ही शिकवल्याप्रमाणे सिरीज बोर्ड केला, म्हणजे विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब घातला. बल्ब भपकन पेटून मंदावला तर यंत्र ठीक, पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट, हे मला झोपेतही पाठ आहे. बटण दाबलं. बल्ब ना मंदावला ना धड पेटला, नुसता लुकलुकत राहिला. हे तुम्ही शिकवलं नव्हतं. मी सगळे ट्रान्झिस्टर काढले, तपासले, परत लावले. पुन्हा लुकलुक. पुन्हा काढले. तिसऱ्या खेपेला शेजारचे इलेक्ट्रिशियन चहाला आले, दोन घोट घेतले आणि म्हणाले, 'अहो, हा एलईडी आहे. याच्यावर कसली परीक्षा घेताय?' आमच्या घरातले सगळे बल्ब हिने कधीच बदलले होते आणि खोक्यावरच्या 'शंभर वॅटइतका उजेड' या ओळीतला पहिला अर्धाच भाग मी वाचला होता!

या परीक्षेला जुना तारेचाच बल्ब लागतो आणि तो आता कुठे मिळत नाही. तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने तर आतल्या माणसाला बोलावून 'हे बघ, यांना तारेचा बल्ब हवाय' म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा काम तेवढ्यावरच अडलं आहे, बाकी काळजी नसावी. (मला आहे, ती पुरेशी आहे.)

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या माळ्यावरच्या खोलीत तारेचा बल्ब आहे, तो द्याल का?

आणखी ता. क. कुरिअरने पाठवू नका, फुटेल. स्वतःच घेऊन आलात तर बरं.

मामा, मी तुमची भाचेसून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते. बल्ब मीच माझ्या माहेरून आणला, त्याला तीन आठवडे झाले. तो भपकन पेटून छान मंदावला. हे आनंदाने ओरडलेसुद्धा. स्पीकर जोडून ठेवलेत, पण गाणं काही लावत नाहीत. रोज नवा स्क्रू पिळत बसतात. काल खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, 'तो वाजेल गं. पण वाजला आणि मामांना ऐकूच आला नाही तर?' तेव्हा तुम्ही लगेच या. बल्ब आणू नका. तुमचा उजवा कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची लावून ठेवली आहे, आणि आवाज मोठा होणार असल्याचं मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय.