आईंचा चष्मा

अहो,
मशीनवरचं रक्त पुसायचं राहिलंय, ते बघून घाबरू नका. आईंचा डोळा शाबूत आहे. जाड पडदा शिवताना सुई मोडली आणि तुकडा उडाला. पापणीला दोन टाके पडलेत, पण डॉक्टर म्हणाले, नजरेला धक्का नाही. त्या झोपल्यात. उठल्या की थेंब घाला, डोळा चोळू देऊ नका.

मी आणलेल्या चष्म्याला त्या हात लावत नव्हत्या ना? तुकडा त्याच्याच काचेवर आपटून वर घसरला, म्हणून थोडक्यात निभावलं. म्हणे, ‘आजच लावला होता!’ मग नाकावर एवढे वळ कशाचे?

तुम्ही काही विचारू नका. मी काच बदलून आणायला चाललेय. आल्यावर गुपचूप डबीत ठेवीन, म्हणजे त्यांना माझ्या माघारी पुन्हा लावता येईल.