टेकडीवरचे क्रूस

व्हँकुव्हर,
४ फेब्रुवारी २०१८

ती. लोविनाताईस,
धाकट्या अ‍ॅम्ब्रोसचा सा. न. वि. वि.

सकाळी चहा घेत रेडिओ ऐकत बसलो होतो. बातम्या देणारी बाई मोठ्या कौतुकाने सांगत होती की आपल्या जमातीने तलावावरच्या धरणाची अर्धी मालकी घेतली, आता समेटाचं नवं पर्व सुरू झालं. आणि जमातीच्या वतीने सही कुणाची, तर लोविना जोसेफ यांची! अख्खा कप पायावर सांडला. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. नाहीतर नुसता ओरडलोच असतो.

ताई, आजोबांच्या घरात पाणी शिरताना आपण दोघांनी उभं राहून बघितलंय. मी सहा वर्षांचा होतो, तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की दुखत होता. ज्याने गाव बुडवलं त्याच्याच दुकानात भागीदार झालीस? सगळ्या गावाचं डोकं फिरलंय की तुझ्या एकटीचं?

रागावलोय. लोभ आटलेला नाही, तुझाही आटू नये.

तुझा
अ‍ॅम्ब्रोस

वरचं गाव,
१६ फेब्रुवारी

चि. अ‍ॅम्ब्रोस यास,
अनेक आशीर्वाद.

आधी पायाला काय लावलंस ते सांग. सोबत अस्वलाच्या चरबीची डबी आणि सुकवलेला सामन पाठवतेय. चरबी पायाला, मासा पोटाला. उलटं करू नकोस.

डोकं माझं ठिकाणावर आहे. जन्मभर त्या विजेच्या तारा आपल्या डोक्यावरून दक्षिणेला जाताना पाहिल्या. शहरं उजळली, आणि आपली म्हातारी फिलोमिना पाच नातवंडांना घेऊन बुरशी धरलेल्या घरात खोकत बसलीय. कंपनीचे लॉफ्टससाहेब म्हणाले की झालं गेलं विसरू या. मी म्हटलं की विसरण्याचं नंतर बघू, आधी मालकीचं बोला. धरण काही मी म्हणून पडणार नाही, बाबा. मग त्याच्या चाव्या तरी अर्ध्या आपल्याकडे का नकोत?

मंडळावर तीन माणसं त्यांची, तीन आपली, त्यात एक मी. पाणी किती चढवायचं, किती उतरवायचं, हे आपल्या होकाराशिवाय ठरणार नाही, ही अट मी घालायला लावली. सगळे हसले की म्हातारीला पाण्याचं काय वेड लागलंय. एप्रिलमध्ये दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी खाली नेणार आहेत. मी म्हटलं, अजून थोडं खाली न्या, आम्हा म्हाताऱ्यांना जुनं गाव एकदा डोळ्यांनी बघू द्या. कबूल झालेत. तू येतोस का?

माया ठेव, आणि पायमोजे कोरडे ठेव.

तुझी
लोविना

वरचं गाव,
२३ एप्रिल

चि. अ‍ॅम्ब्रोस,
आशीर्वाद. हे बसून वाच.

काल जुनं गाव वर आलं. आम्ही सातआठ जण काठ्या टेकत चिखलातून गेलो. आजोबांच्या घराचा दगडी चौथरा जसाच्या तसा आहे. मी त्यावर बसले, हसलेसुद्धा. फिलोमिना चर्चच्या मागच्या बाजूला गेली होती. तिने हाक मारली नाही, नुसती किंचाळली.

अ‍ॅम्ब्रोस, थडगी तिथेच आहेत. सगळी. लाटांनी माती धुऊन नेलीय आणि पेट्यांच्या कडा वर आल्यात. मला आधी कळेचना मी काय बघतेय. मग आपल्या घरच्या रांगेपाशी निळी चहाची किटली दिसली. आईला पुरलं तेव्हा आजोबांनी तिच्या उशाशी ठेवली होती, माझ्या डोळ्यांसमोर. आई तिथेच आहे. आई कधी हललीच नव्हती.

गाव बुडवलं त्या वर्षी आपल्याला सगळ्यांना तंबूंत नेऊन ठेवलं, आठवतं? परत आलो तर टेकडीवर पांढरे क्रूस ओळीने उभे होते. पाद्रीबाबा म्हणाले होते की कंपनीने तुमच्या माणसांना मानाने वर आणलंय. आज मी लॉफ्टससाहेबांना टेकडीवर घेऊन गेले आणि आईच्या क्रूसाखाली खणायला लावलं. खाली घट्ट पिवळी माती निघाली. तिला कधी कुदळच लागली नव्हती. साहेब पांढरेफटक पडले. तेव्हाच्या माणसांनी नुसते क्रूस उपटून वर रोवले, एवढंच केलं होतं.

मी दर उन्हाळ्यात त्या रिकाम्या मातीवर फुलं ठेवत आलेय. तिच्याशी बोलत आलेय. लग्न ठरलं तेव्हा, पोरगा गेला तेव्हा. ते सगळं कुणाला सांगत होते मी?

पुढे लिहवत नाही.

लोविना

व्हँकुव्हर,
२८ एप्रिल

ती. ताई,

पत्र तीनदा वाचलं. शेजारचा विचारत होता की कोण गेलं. काय सांगू त्याला? आई गेली म्हणून सांगितलं.

मी तुला म्हणालो होतो असं लिहायला घेतलं आणि खोडलं. पण एवढं सांगतो: अर्धं धरण आता आपलं, म्हणजे आईवरचं अर्धं पाणीही आपलंच. बर्फ वितळायला लागेल. पाणी पुन्हा चढू देणार आहेस का?

अ‍ॅम्ब्रोस

वरचं गाव,
११ मे

चि. अ‍ॅम्ब्रोस यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं वाक्य सुरीसारखं लागलं. लागायलाच हवं होतं.

कंपनीने दर थडग्यामागे भरपाई देऊ केली आणि वर म्हटलं की पाणी आत्ता साठवलं नाही तर वर्षभर वीज कमी पडेल, तुमचाही वाटा बुडेल. वाटा म्हणजे नवी घरं, अ‍ॅम्ब्रोस. आम्ही तिघं नाही म्हणू शकत होतो, पण घरं ज्यांची जाणार त्यांना विचारल्याशिवाय कसं म्हणायचं? काल सभा बोलावली. समोर पहिल्याच बाकावर फिलोमिना, यादीत पहिलं घर तिचं.

तीच आधी उठली. म्हणाली की मला बुरशीची सवय झालीय, पण माझ्या सासूला पाण्याची सवय व्हावी असं मला वाटत नाही. आणि सासू जिवंतपणी कशी होती ते तुम्हाला माहीतच आहे, तरीसुद्धा! सगळे हसले आणि हसता हसताच रडायला लागले. एकही हात विरोधात वर गेला नाही.

मग मंडळात मी नाही म्हटलं. लॉफ्टससाहेब म्हणाले की आपण भागीदार आहोत, जरा समजून घ्या. मी म्हटलं की भागीदार आहे म्हणूनच तर तुम्हाला ऐकावं लागतंय, एरवी मी नुसती एक रडणारी म्हातारी असते. त्यांच्यातलीच एक बाई आमच्या बाजूने हात वर करून बसली.

दरवाजे उघडेच राहणार. आपल्या माणसांना खरोखर वर आणायचंय. आता मात्र येच.

वाट बघणारी
लोविना

व्हँकुव्हर,
२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं मूस हरणाचं मांस बसमध्येच संपवलं.

तिथे बोलता आलं नाही ते लिहितो. धरणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. भागीदारी म्हणजे माफी नव्हे, आणि लॉफ्टससाहेबांनी पुरल्यानंतरच्या कुळांच्या जेवणात सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली म्हणून मी ती दिली असंही नाही. पण तू सही केली नसतीस तर ते पाणी माझ्या मरणानंतरही आईवर असतं, हे मला कळलं. तेवढं कबूल.

आपल्यात कूळ आईकडून येतं; मृताला दुसऱ्या कुळाने उचलायचं, मृताच्या पोरांनी मागून चालायचं. मी तसाच चालत होतो. चढावर वडिलांच्या कुळातले कॅसिमिरआजोबा थांबले. मला वाटलं दमले. त्यांनी मागे वळून आईच्या अस्थींची नवी पेटी माझ्यापुढे धरली आणि पुटपुटले की रीत आमची आहे, आज थोडी वाकवू. तू बरीच मागे राहिली होतीस, तुला दिसलं नसेल.

ताई, किती हलकी होती ती! मी हादरलो. तिच्या आजारपणामुळे तिला माझ्याजवळ येऊ देत नसत, असं तूच सांगायचीस. तिने मला कधी कडेवर घेतलं होतं का, मला आठवत नाही. मी तिला घेतलं. टेकडीच्या माथ्यापर्यंत नेलं, आणि खाली ठेवायला सांगितलं तरी जरा वेळ ठेवलं नाही.

माया आहे ती राहू दे.

तुझाच
अ‍ॅम्ब्रोस