मागच्या गेटच्या गाड्या

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! शाळा तपासायच्या कमिटीवर माझी नेमणूक! मी, सातवीत शाळा सोडलेला!

पालकांची मीटिंग होती. मुलगा-सून कामावर, म्हणून मी. दीड तास नुसतं 'या ठिकाणी' आणि 'त्या ठिकाणी'. कंटाळून घरी जायला उठलो. तेवढ्यात मोठ्या बाईंनी विचारलं, कमिटीवर कोण येतंय? मी उभा! टाळ्या! आता काय बोलणार?

पण काम साधं नाही. वरच्या ऑफिसकडून शाळेला 'अ' मिळाला तरच अकरावी-बारावी इथं सुरू होणार. नाहीतर दहावी झाली की आमची भिंगरी दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर. नात एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. नववीत आहे. ती गेली तर या घरात माझ्याशी भांडायला कोण? सून तर 'बरं बाबा' म्हणून मोकळी होते.

म्हणजे 'अ' पाहिजे. पाहिजेच.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही आयुष्यभर बस चालवली. शाळेतलं काय तपासणार? टायर?"

म्हटलं, हो, टायरच. वर रंग मारलेला कुणीही बघतो.

मग डेपोची गंमत सांगितली. मोठा साहेब येणार म्हटलं की आदल्या रात्री खटारा गाड्या मागच्या गेटने बाहेर! गोदामामागे नेऊन उभ्या करायच्या. साहेबांसमोर सगळ्या चकाचक. साहेब खूश, मॅनेजर खूश, आम्हाला चहा. साहेब गेले की खटारा परत आत.

भिंगरीला एवढं हसू आलं की पाणी नाकात गेलं. "साहेबांना कळायचं नाही?"

"कळायचं की! पण त्यांनाही लवकर घरी जायचं असायचं."

६ फेब्रुवारी, गुरुवार

शर्टाला इस्त्री केली. सून म्हणाली, "बाबा, शाळा तपासायला निघालात की लग्नाला?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कमिटीची पहिली बैठक. ऑफिसचे साहेब, एक डॉक्टरीणबाई आणि मी. साहेबांनी भलेमोठे कागद वाटले. 'विद्यार्थ्यांचा शालेय अनुभव समाधानकारक आहे काय?' म्हटलं, साहेब, म्हणजे पोरांना शाळेत यावंसं वाटतं का, असंच ना? मग तसं विचारा की! डॉक्टरीणबाई फिस्सकन हसल्या. बाई कामाची आहे.

तपासणी सोमवारी. भिंगरीला सांगितलं, तुझ्या वर्गात येणार हां, नीट बस! तर म्हणे, "यायलाच पाहिजे का?" आजोबाची लाज वाटते वाटतं! चालायचंच, वयच तसं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काय दिवस गेला! लिहिता लिहिता हात दुखतोय पण लिहिणारच.

सकाळी घोळ. भिंगरीचं पोट दुखतंय. बरोबर आजच! मी म्हटलं, नाटकं नकोत, गरम पाणी पी आणि चल. पण उशीत तोंड खुपसून बसली. सून म्हणाली, राहू दे बाबा. राहू दे तर राहू दे. पण मला वाईट वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून आजोबा वर्गात शिरतायत, हे तिनं बघायला नको?

शाळा मात्र एक नंबर! साहेब कागदावर खुणा करत पुढे, मी मागे थांबून हात लावून बघतोय. नळ सोडून बघितले. पाणी! संडासाच्या कड्या आतून लावून बघितल्या. लागतात! डॉक्टरीणबाई बाहेरून ओरडतायत, "आजोबा, अडकलात का?"

प्रयोगशाळेत एका पोरीनं माझ्याकडून तारा जोडून घेतल्या. दिवा लागला! मी ओरडलोच. सगळी पोरं हसली. या वयात दिवा लावला, कमी आहे का?

मग नववी. भिंगरीचा वर्ग. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी धडा वाचायला सांगितला. ज्याला उठवलं तो घडाघडा! एक अडखळत नाही. आणि कसं ऐसपैस! एका बाकावर एकच पोर. आम्ही एका बाकावर चौघं, एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. बाईंना म्हटलं, केवढी चांगली सोय हो! बाई म्हणाल्या, "हो ना," आणि फळा पुसायला वळल्या. फळा स्वच्छच होता. शिस्त ती!

जाता जाता एका पोरीला विचारलं, शाळा आवडते का गं? म्हणाली, "आज आवडली." आज! हजरजवाबी कार्टी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब 'अ' म्हणाले. डॉक्टरीणबाई थोडं घुटमळल्या, मग 'अ' म्हणाल्या. राहिलो मी. साहेब म्हणाले, "आजोबा, दोन ओळी शेरा लिहा, सही करा, संपलं." म्हटलं, उद्या देतो. घाईत नाही लिहायचं. अक्षर चांगलं आलं पाहिजे.

येताना सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. भिंगरीला म्हटलं, आता कुठं जात नाहीस तू! अकरावी इथंच, बारावी इथंच, आणि भांडण रोज!

तिनं ते नुसतं ढवळत पार पातळ केलं. पोट अजून बरं नाही वाटतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी शेरा लिहायला बसलो तर भिंगरी येऊन समोर उभी. "आजोबा, सोमवारी माझं पोट दुखत नव्हतं. ज्यांना नीट वाचता येत नाही त्यांना बाईंनी सांगितलं होतं, येऊ नका. मी एकटी नाही, निम्मा वर्ग." आणि हसायला गेली. "आम्ही मागच्या गेटच्या गाड्या."

मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही सही करा. नाहीतर अकरावी इथं कशी होईल?"

दप्तर भर म्हटलं. ती वेणी घालतेय तोवर हे लिहितोय. शेऱ्याचा कागद कोराच घेतलाय बरोबर. तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसून लिहीन.

पुढच्या गेटने जाणार.