मुंगीचा सराव आणि मामाचा घसा

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा बसल्या जागेवरून नमस्कार. (उठून वाकण्याइतकं त्राण उरलेलं नाही, आलं की वेगळा करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची पाठ ऑपरेशननंतर सरळ झाली का, आणि झाली असल्यास ते अजून तुझ्यापुढे वाकतात का, हे सविस्तर कळव. मी फोनवर येत नाही म्हणून तू चिडली आहेस, असं तुझ्या भावजयीकडून समजलं. "ताई विचारत होत्या, हा रुसलाय का?" म्हणाली. रुसलो नाही. माझा घसा गेला आहे. तो कसा गेला हे सांगायलाच हे पत्र लिहितो आहे, आणि ते लांबणार, कारण बोलायला बंदी झालेल्या माणसाच्या हाताला फार जोर येतो.

सुट्टी लागल्यावर तू तुझ्या मुंगीला, तिच्या व्हायोलिनला आणि तिच्या संगीताच्या बाईंच्या सूचनेला माझ्या दारात सोडून गेलीस. सूचना अगदी साधी होती. सुट्टीभर रोज सराव करायचा, गाणं एकही वाजवायचं नाही, फक्त मोकळ्या तारांवर लांब, सरळ गज ओढायचा आणि एक सप्तक सावकाश वर-खाली करायचं. व्हायोलिन वर्गाचं आहे. सुट्टी संपली की बाई एकेकाला वाजवायला लावणार, आणि ज्याचा हात बिघडला असेल त्याचं वाद्य रांगेतल्या पुढच्या मुलाला देणार. जाताना तू जिन्यात थांबून म्हणालीस, "तिचं ते काढून घेतलं ना, तर पोर मिटून जाईल रे. दुसरं काही करू नकोस, तेवढं बघ." मी म्हणालो, "ताई, निर्धास्त जा. हजारोंना जागं केलंय मी, ही तर एवढीशी मुंगी." (या वाक्याची मला आता आठवण करून देऊ नकोस.)

माझा स्वभाव तुला नवा नाही. माणसाला नुसतं काम सांगू नये, कामामागचं कारण सांगावं, यावर माझी श्रद्धा आहे. म्हणून पहिल्या सकाळी मुंगीनं व्हायोलिन हनुवटीखाली धरून गज उचलला, तेव्हा मी म्हणालो, "एक मिनिट." आणि सराव या विषयावर बोललो. तोंडात गोटे धरून लाटांसमोर बोलायला शिकलेल्या ग्रीक वक्त्यापासून सुरुवात केली, तिथून छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कामगारांकडे आलो, कामगारांवरून संपावर, संपावरून स्वातंत्र्यावर आणि स्वातंत्र्यावरून पुन्हा सरावावर. (हे शेवटचं वळण मला अजूनही आवडतं.) तेवढा वेळ पोर वाद्य तसंच धरून उभी. शेवटी म्हणाली, "मामा, हात खाली करू?" तेवढ्यात जेवायची हाक आली. पानावर मामीनं विचारलं, "काय गं, किती वाजवलंस आज?"

"मी नाही. आज मामाच वाजले."

दुसऱ्या दिवशी मी आळसावर बोललो. तिसऱ्या दिवशी थोर माणसांच्या आळसावर. एकदा माझं सुरू होण्याआधीच तिनं चटकन गज तारेवर टेकवला, तेव्हा घाई या दोषावर बोलणं भाग पडलं. मधूनमधून ती वाजवायची, नाही असं नाही, पण गज थरथरायचा आणि न घातलेल्या तेलासाठी बिजागरी रडावी तसा आवाज निघायचा. तो ऐकला की मला वाटायचं, प्रेरणा कमी पडते आहे. मी मात्रा वाढवायचो. असं करता करता एका सकाळी तिनं व्हायोलिनची पेटी उघडलीच नाही. खिडकीशी पाय मुडपून बसली आणि म्हणाली, "तुम्ही बोला मामा. मी ऐकते. वाजवायचं राहू दे, बाई तसंही काढूनच घेतील." ताई, तुझे जिन्यातले शब्द आठवले. आणि घाबरला की तुझा भाऊ काय करतो हे तुला ठाऊकच आहे. मी बोललो. दुपारपर्यंत बोललो.

त्याच दुपारी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका जिना चढून वर आले. व्हायोलिनची तक्रार घेऊन आले असणार, अशी माझी खात्री. त्यांना दारापर्यंतही येऊ दिलं नाही, जिन्यातच गाठलं. लहान मुलीचा सूर दाबणारा समाज उद्या कुणाकुणाचा गळा दाबेल, इथपासून मी असा बरसलो की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी जमा झाली. (गर्दी दिसली की मला थांबता येत नाही, ही व्याधी आहे.) शिंपीकाका गळ्यात टेप अडकवून, ओठांत टाचण्या धरून शांतपणे उभे होते. मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा त्यांनी टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या.

"साहेब, पोरीचं वाजवणं ऐकू येतंय कुठं? येऊ दे की. मला तुमचा त्रास होतो. कापताना माप चुकतं."

याला उत्तर माझ्याकडे होतं. चांगलं होतं. मी तोंड उघडलं आणि कोरड्या नळातून यावी तशी नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा चालणार नाही, असं बजावलं. "किती दिवस?" हे तुझ्या भावजयीनं विचारलं. उत्तर ऐकून म्हणाली, "वाढवून नाही का मिळणार?"

दुसऱ्या सकाळी मी पाटी-खडू घेऊन खुर्चीत बसलो. मुंगी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. काहीच घडत नाही म्हटल्यावर तिला कंटाळा आला आणि निव्वळ कंटाळ्यापोटी तिनं पेटी उघडली. गज ओढला. बिजागरी रडली. मी "खांदा सैल सोड" असं लिहून पाटी उंच धरली. तिचे डोळे गजावर होते; पाटी तिनं पाहिलीच नाही, माझा हात मात्र अवघडला. मग मी ती खाली ठेवली आणि नाइलाजानं ऐकू लागलो. ताई, आवाज फाटला की ही मुलगी थांबते. गज तिथंच धरून कान देते, आणि फाटला त्याच्या जरा आधीपासून पुन्हा ओढते. हे तिला मी शिकवलं नव्हतं. ते तिला येत होतं. मी तिला तिचंच ऐकू देत नव्हतो, एवढंच.

परवा सगळ्यांत जाड तार गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जराही न थरथरता वाजली. कपाटाची काच बारीक गुणगुणली. खाली शिंपीकाकांचं मशीन थांबलं. टाळ्या वाजवायला डॉक्टरांची मनाई नव्हती, पण मी हललो तर ती थांबेल म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तिनं तेच पुन्हा वाजवलं.

मी फार दमलो आहे गं. आयुष्यभर बोलून एवढा दमलो नव्हतो. खुर्चीत पडल्या पडल्या एकच विचार छळतो: ज्यांना मी जागं केलं असं म्हणतो, त्यांतले किती जण आधीच जागे होते आणि माझं संपायची वाट बघत होते? भाऊजींना विचार. ते माझ्या पुष्कळ सभांना आले आहेत.

तुझा,
तूर्त मुका भाऊ

ता. क. — पत्र टाकायचं राहूनच गेलं, आणि घसा बरा होऊनही आठवडा झाला. डॉक्टर म्हणाले, "बोला आता." घरी येऊन तोंड उघडणार, तो आत सप्तक चाललं होतं. तोंड मिटलं. तेव्हापासून मुकाच आहे. तुझ्या भावजयीला माहीत आहे. माझ्या कुठल्याही चळवळीत तिनं इतक्या मनापासून भाग घेतला नव्हता.

ता. क. २ — शनिवारच्या सभेला येत नाही म्हणून कळवलं. अध्यक्षांचं उलट उत्तर आलं: "प्रकृतीला जपा. सभा वेळेवर संपेल."

ता. क. ३ — लिहायचं होतं ते हे. बाईंसमोर वाजवायच्या दिवशी तिला तू नेणार. दाराशी तिला काहीही सांगू नकोस. "घाबरू नकोस" नको, "नीट वाजव" नको, डोक्यावरून हातही नको. पण तू माझीच बहीण, तुला ते जमणार नाही. म्हणून तिला मला नेऊ दे. बाहेरच्या बाकावर बसेन. आपल्या घरात गप्प बसण्याचा सराव सध्या माझ्याइतका कुणाचाच नाही.