दोन्ही फिती एकाच खोक्यात

मी, अरब मुलखांतल्या ज्यू वस्त्यांचा इतिहास लिहिणारा, वय चोपन्न, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास माझ्या ताज्या पुस्तकाच्या तळटीपा तपासाव्यात. घाई एवढ्यासाठी, की गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टर तिला 'साधी' म्हणतात. तज्ज्ञ ज्याला साधं म्हणतात, तिथे मी नेहमी जरा थांबून पाहत आलो आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यात कोणी नाक खुपसू नये. तिचं म्हणणंही नोंदवतो: "अहो, घराचं राहू द्या. आधी पलंगाखालची खोकी हलवा. लग्न झाल्यापासून मी परक्यांच्या आज्यांवर झोपतेय."

२. टेपरेकॉर्डर, भिंग आणि शब्दकोश मुलीला. छापखान्यात खिळे जुळवताना मला अक्षरांची गोडी लागली आणि अरबी आणि हिब्रू या दोन्ही लिप्या मी शिकवणीशिवाय शिकलो. दोन्ही लागतात. तिथले ज्यू बोलत अरबी, पण लिहीत हिब्रू अक्षरांत. हिब्रूवाल्याला अर्थ लागत नाही, अरबीवाल्याला अक्षर लागत नाही. शब्दकोशाच्या समासातल्या माझ्या दुरुस्त्या खोडू नयेत. त्या बरोबर आहेत.

३. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या परीक्षणात मला 'हौशी' म्हटलं होतं. तो शब्द त्यांना साभार परत.

४. आता खोकी. त्यांत म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींच्या फिती आहेत, गल्लीवार लावलेल्या: एका गल्लीतली सगळी दारं एका खोक्यात, मग दार ज्यूचं असो की मुसलमानाचं. प्राध्यापकांना त्या हव्या आहेत, पण ज्यू आणि मुसलमान अशा दोन विभागांत वाटून. "यादी करायला सोपं जातं हो."

सोपं जाईलही. पण एका गल्लीत एक ज्यू शिंपीण राहायची, आणि भिंतीला भिंत लागून तिची मुसलमान शेजारीण. गल्लीतली ज्यू घरं रिकामी झाली तेव्हा शिंपीण समुद्रापार गेली, शेजारीण तिथेच राहिली. मी दोघींना वेगवेगळ्या देशांत गाठलं. दोघींनी लग्नाचं एकच गाणं म्हटलं.

शिंपीण म्हणाली, "आमचंच आहे. भिंतीपलीकडून ऐकून उचललं त्यांनी."

शेजारीण म्हणाली, "तिची आई कसली गातेय? आमच्या अंगणात बसून शिकली."

हे भांडण मला नवं नाही. नवं हे, की तिसऱ्या कडव्यात दोघी एकाच शब्दावर थांबतात, हसतात आणि चौथ्यावर उडी मारतात. मधलं काय गाळलं, असं विचारलं तर दोघींचं उत्तर एकच: "काही नाही." कडवं वाह्यात होतं? की त्या जागी कोणा तिसरीची फजिती झाली होती? मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं मला सगळ्या पुस्तकांहून प्रिय आहे. फिती वेगळ्या खोल्यांत गेल्या, तर दोन म्हाताऱ्या दोन गाणी विसरल्या एवढंच दिसेल.

म्हणून खोकी विद्यापीठाला नव्हे, खुद्द प्राध्यापकांना देतो. अट एक: गल्ली फोडायची नाही. मान्य नसेल तर खोकी रद्दीत. मुलीला विचारून झालं. "बाबा, माझा पलंग भिंतीत दुमडतो," म्हणाली.

सह्यांपूर्वीची नोंद: वकिलांनी बजावलं, की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. हे सांगूनच मी प्राध्यापकांपुढे पेन ठेवलं. सही केली की ते खोक्यांतून सुटले. त्यांनी चौथं कलम दोनदा वाचलं.

"दोघी हसल्या? नक्की?"

मी दोन्ही फिती लावल्या. ते टेपरेकॉर्डरला कान लावून बसले. तिसरं कडवं मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते शेजारी बसलेल्या बाइंडरकडे सरकवलं.

"तुम्ही करा सही. मला करून चालायचं नाही."

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार

मृत्युपत्र करणारा: (सही)
साक्षीदार १: माझ्या पुस्तकांचे बाइंडर (सही)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या परिचारिका (सही)