बाबा जिथे थांबतात

१२ जुलै, शनिवार
आज पुन्हा तेच — "आंजीले केव्हा जाचं?" बाबांना पोस्टमनकीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पिशवी सुटली, गाव काही सुटत नाही! जूनमध्ये दोघांना सावंगीला माझ्याकडे आणलं. लिफ्ट आहे, गीझर आहे, आईच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवून घेतला. दिवसभर वॉर्डात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करते, आपल्यांनाही थोडा आराम मिळावा, एवढंच मनात होतं.
पण परवा वर्षावास सुरू झाला. आंजीच्या बुद्धविहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि तीस वर्षं तो बाबाच वाचत आलेत. "यंदा दुसरं कोणी वाचेल," म्हटलं. जेवलेच नाहीत.

१५ जुलै
आईनं वरणात दोनदा मीठ घातलं. दुपारी समोरच्यांचं दार आपलं समजून ठोठावत बसली. नवी जागा आहे, होतं असं.

२० जुलै, रविवार
स्पीकर आणला. मोबाईलवर कोणाचं तरी ग्रंथवाचन शोधून लावलं — घरबसल्या वर्षावास! माझं मलाच कौतुक. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं. "हा मानूस कुठीच थांबत नाई," म्हणाले आणि आत जाऊन पडले. राग आला. यांच्यासाठी कितीही करा!

२७ जुलै, रविवार
हरले. गाडीनं दोघांना आंजीला नेलं. बाबांनी पांढरा सदरा घातला, विहारात आपल्या जागेवर बसले, ग्रंथ उघडला. काय आवाज! लहानपणी या आवाजावर किती वेळा झोपी गेले असेन.
मग मधेच थांबले. बायकांच्या पुढच्या ओळीत बसलेल्या आईनं हळूच पुढचं वाक्य म्हटलं, आणि बाबा पुढे वाचू लागले. असं आठ-दहा वेळा झालं. आईला अक्षरओळख नाही, आयुष्य शेतातल्या निंदणात गेलं. पण ऐकून ऐकून तिला सगळं पाठ आहे. बाबा पानं उलटत होते, तीही कधी उशिरा, कधी दोन-दोन. बाबांना दिसत नाही!
परतताना गोळ्यांची पट्टी पुढे केली, नाव वाचा म्हटलं. "चष्मा घरी राह्यला." चष्मा नाकावर होता.

१ ऑगस्ट
डोळे दाखवले. साखरेनं पडदे गेलेत. राहिलंय तेवढं जपा, म्हणाले डॉक्टर. घरी आल्यावर बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग एवढंच — "झालं तुह्यं समाधान?"

३ ऑगस्ट, रविवार
एकटीच आंजीला गेले. अश्वजितला भेटले, विहाराचं सगळं तोच पाहतो. म्हटलं, बाबांना हळूच वाचनातून मोकळं करा, उद्या चारचौघांत फजिती व्हायची. माझा शहाणपणा!
त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, आमाले दोन वर्सांपासून मालूम हाये. काका थांबले का आमी चूप बसतो. काकू सांगते ना मंग. फक्त आमाले मालूम हाये हे त्याइले सांगू नका."
साऱ्या गावाला माहीत. वर्षातून चारदा फळं आणि बीपीचं मशीन घेऊन येणाऱ्या लेकीलाच तेवढं माहीत नव्हतं. गाडीत बसून खूप रडले.

९ ऑगस्ट
दोघांना आंजीला पोचवलं. सुटी मिळेल तशी मीच येत जाईन. आई सरळ चुलीशी गेली, न बघता काडेपेटी काढली. इथे तिला काही शोधावं लागत नाही. मला मात्र "कौशल्या, चहा घेतं का?" म्हणाली. कौशल्या माझी मावशी. थकली असेल.

१४ सप्टेंबर, रविवार
बाबांना म्हटलं, आईला एखाद दिवशी बरं नसलं तर मी मागे बसून पुढचं सांगत जाईन, काळजी करू नका. बाबा हसले. या वर्षात पहिल्यांदाच.
"तू मले काय सांगशीन, मयुरी? मले अख्खा पाठ हाये."
मग थांबता कशाला?
आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिच्या बांगड्यांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "तिच्यासाठी थांबतो. कालचं आठवत नाई तिले. तुह्यं नाव सुटलं. हा ग्रंथ तेवढा राह्यला तिच्याजोळ. मी थांबतो, ते सांगते. लोकाइले वाटते, मले दिसत नाई म्हून थांबतो. वाटू दे."
मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आईला कुठेच नेलं नाही. दोनदा मीठ — याच वहीत, माझ्याच हातानं लिहिलंय. नर्स म्हणवते स्वतःला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
आज वाचनाचा शेवटचा दिवस. खीर होती, विहार भरला होता. बाबा थांबले. आई गप्प. बाबांनी खूप वाट पाहिली, सगळेच वाट पाहत होते. मग ते वाक्य त्यांनीच म्हटलं, आणि नंतर कुठेच थांबले नाहीत.
आई माझ्या कानाशी वाकली. "कोन व्हय व बाई हा मानूस? लय चांगलं वाचते."
म्हटलं, आंजीचे पोस्टमन आहेत.
"मंग रोज येत जाऊ आपन," म्हणाली.