राणीसाहेबांचा धूर

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझ्या नव्या घराचे फोटो मिळाले. स्वयंपाकघराची खिडकी मला भारी आवडली.

मोठी बातमी राणीसाहेबांची. बाबांची ती लाल, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार हल्ली नुसती पेट्रोल ढोसत होती. सुरू केली की मागून काळा धूर. आईला वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. "गाडी आहे की धुरांडं?" ती करवादली. बाबांनी वर पाहिलंही नाही.

प्लग काढले, तर काजळीने माखलेले. म्हणजे कार्बुरेटरमधून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात होतं. बाबांना हे काम म्हणजे हातचा मळ. बॉनेट उघडायचं, कान लावायचा, कार्बुरेटरखालचा नट जरासा फिरवायचा, की इंजिन गुणगुणायला लागायचं. पण या खेपेला ते रोज नट फिरवत होते आणि धूर रोज वाढत होता.

"बाबा, उलटा फिरवताय का?" मी मागून विचारलं. उत्तर नाही. जोरात विचारलं, तरी नाही. समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा केवढे दचकले!

मी इंजिन बंद केलं. "कधीपासून ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "वर्ष झालं असेल. इंजिनाचा आवाज खोल गेल्यासारखा वाटायचा, म्हणून पेट्रोल वाढवत गेलो. म्हटलं, गाडीच म्हातारी झाली."

मग आम्ही दोघांनी मिळून केलं. मी गाडी पुन्हा सुरू केली. त्यांनी इंजिनावर फडकं टाकून तळवा टेकला.

"आवाज कसा येतोय?"

"जड. धापा टाकल्यासारखा."

"नट वर घे. जरासाच. आता?"

"आता अडखळतोय."

"हवा जास्त झाली. किंचित मागे... थांब! आलं."

मला ऐकू येण्याआधी त्यांच्या हाताला कळलं होतं, ताई. धूर गेला.

आता जे लिहायला मी दोन पानं घालवली, ते लिहिते. तुझा फोन आला की बाबा तो आईच्या हातात देऊन बाहेर जातात, आणि तुला वाटतं, लग्नाचा राग अजून गेला नाही. राग होता, खोटं कशाला सांगू? पण तो कधीच निवळला. ते म्हणाले, "पोटच्या पोरीला सारखं 'काय? काय?' कसं विचारायचं? तिला वाटेल, मी मुद्दाम करतोय." आणि तुला तर त्यांच्या गप्प राहण्याने तेच वाटलं.

कानाच्या डॉक्टरांकडे यायला ते तयार झालेत. यंत्राने थोडं ऐकू येईल बहुतेक, सगळं नाही.

काल हात धुताना हळूच म्हणाले, "तिचा आवाज अजून तसाच आहे का गं? जरा नाकातला?"

मी हो म्हटलं. ते हसले आणि स्वच्छ झालेले हात कितीतरी वेळ चोळत राहिले.

ताई, माझं 'हो' त्यांना पुरणार नाही. ये. भावोजींनाही आण. बाबांच्या समोर बस आणि सावकाश बोल.

तिघांच्या वतीने,
तुझी धाकटी